पिवळा कागद : प्रकल्प नोंदी, ऑगस्ट ते डिसेंबर २०२४

११ ऑगस्ट, रविवार

आज ठरलं ते आजच लिहून ठेवतो, नाहीतर उद्या गुरुजी म्हणतील असं काही ठरलंच नव्हतं. ए-थ्री कागद, मधे घडी, चार पानं, एक रंग, हजार प्रती. गावं अकरा, सगळी आमच्या पट्ट्यातली, लातूर-तुळजापूर रस्त्याला लागून नाहीतर तिथून चार-पाच किलोमीटर आत. विषय एकच : आपल्या गावाच्या नावानं आलेला पैसा कुठं गेला.

हे का करायचं, तेही एकदा लिहितो. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीवर मार्च २०२२ पासून प्रशासक आहे. गटाला सदस्य नाही, गणाला सदस्य नाही, याला अडीच वर्षं होत आली. पूर्वी नळाला पाणी आलं नाही तर सदस्याच्या दारात जाऊन बोंबलता तरी यायचं. आता दारच नाही. जिल्ह्याच्या पेपरात आमच्या गावाला वर्षातून दोनदा जागा मिळते, एकदा अपघातासाठी आणि एकदा सप्ताहासाठी.

गुरुजी प्रूफ बघणार. त्यांनी मला सातवीला मराठी शिकवलंय, त्यामुळं लाल पेनाची सवय दोघांनाही आहे. लिहिणं, टाइप करणं आणि वाटणं माझ्याकडं. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान असल्याचा तेवढाच फायदा.

बाजू लपवायची नाही, हे माझं म्हणणं. पहिल्या पानावर डोक्यालाच लिहिलं : ‘हा कागद कोरडवाहू शेतकरी आणि मजुराच्या बाजूचा आहे. आमचा पक्ष कुठलाच नाही.’ गुरुजी म्हणाले, “दुसरं वाक्य काढ. पक्षात असलेली माणसंच असं लिहितात.” काढलं.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. कोरम म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. मोजली तर ४१ भरली, त्यात शाळेची पोरं धरून. सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे ज्यांना माहीत आहे ते पहिल्या सभेला येतच नाहीत आणि दुसरीला बरोबर येतात. पहिल्या पानाला हा मजकूर चांगला आहे. पण यात कुणाचं नाव येत नाही, म्हणून लोक वाचतील की नाही शंका.

रात्री ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी वेबसाइटवर बसलो. गावाचं नाव निवडलं की पंधराव्या वित्त आयोगातून आलेल्या निधीचा सगळा हिशोब दिसतो. ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. ४० टक्के अबंधित. अकरा गावांची पानं उतरवून घेतली. नेट तीनदा गेलं.

१९ ऑगस्ट

माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. नळयोजनेचा कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेच्या सत्यप्रती. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो. माझा पहिला मसुदा ३१२ शब्दांचा होता, कारण त्यात मी रागही लिहिला होता. राग काढल्यावर ८४ उरले.

२५ ऑगस्ट

डीटीपीच्या पोराकडं सात तास. मी युनिकोडमध्ये टाइप केलेलं, तो अजून पेजमेकर आणि श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टवर. कन्व्हर्टरमधून मजकूर काढला की ‘ऱ्य’ मरतो. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’, ‘पायऱ्या’चं ‘पायर्या’ आणि ‘शेतकऱ्यांच्या’ जागी तर दोन चौकोन आणि एक उद्गारचिन्ह. पूर्ण कागदच शेतकऱ्यांच्या बाजूचा, त्यामुळं पानभर चौकोन. पोरगं म्हणालं, “दादा, शेतकरी शब्द कमी वापरा की.” एकेक हातानं दुरुस्त केला. ६३ वेळा.

२९ ऑगस्ट

प्रेसवर. ऑफसेटला प्लेटा करायच्या तर हजार प्रतींना परवडत नाही, म्हणून रिसोवर, म्हणजे प्लेटेऐवजी पातळ मास्टरवरून छापणाऱ्या मशीनवर. पांढरा ७० जीएसएमचा कागद संपलेला. मालकांकडं कुठल्यातरी मंगल कार्यालयाच्या पत्रकांतून उरलेला पिवळा पडून होता, तो स्वस्तात द्यायला तयार झाले. गुरुजींना फोन लावला. “पिवळ्या कागदावर राजकारण? पीत पत्रकारिता म्हणतील!” म्हणाले. मी म्हणालो, म्हणू देत, रिममागं ९० रुपये वाचायलेत.

हिशोब : कागद, मास्टर, छपाई मिळून २,३८० आणि डीटीपी ४००. म्हणजे एका प्रतीला पावणेतीन रुपये आणि थोडं वर.

२ सप्टेंबर, पोळा

कालपासून नुसता धो-धो. बैलं गोठ्यातच सजवली, मिरवणूक नाही. पलीकडं परभणी-नांदेडकडं तर गावंच्या गावं पाण्यात. गठ्ठे दुकानात खुर्चीवर ठेवले, खाली पाणी. सोयाबीन पिवळं पडणार असं सगळे म्हणतायत. आजच्या दिवशी कागद वाटायला गेलो असतो तर मार खाल्ला असता, आणि तो बरोबरच होता.

५ सप्टेंबर

वाटप सुरू. दूध संकलनाची गाडी रोज पहाटे याच गावांतून फिरते. ड्रायव्हरमामांशी बोलणं झालं : गठ्ठ्यावर गावाचं नाव, सुतळीनं बांधलेला, ते डेअरीवर टाकणार. बदल्यात त्यांच्या पोरीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म मी फुकट भरायचा. फायद्यात कोण, हे दोघांनाही ठरवता आलं नाही.

९ सप्टेंबर

चार गावं फिरून बघितलं. वाईट वाटलं. डेअरीवर फुकट ठेवलेल्या गठ्ठ्यातला निम्मा तसाच. एका हॉटेलात माझ्याच पहिल्या पानावर भजी आली. तेल वर चढून ‘तहकूब’ हा शब्द अगदी स्पष्ट दिसायला लागला होता. एका म्हातारीनं विचारलं, “बाळा, पिवळ्या रेशनकार्डाचं हाय का हे?” रंगावरून. नाही म्हटल्यावर परत दिला.

लोक वाचत नाहीत असं नाही. लोक कुठं थांबतात, ते मी बघितलं नाही. डेअरीवर कोण थांबतंय? फॅट लागलं की माणूस निघाला.

१० सप्टेंबर

नवी पद्धत. कागदाच्या डाव्या कोपऱ्याला पंचनं भोक, त्यात सुतळी, आणि खिळा. कॅलेंडर टांगतात तसं. प्रत्येक गावात तीन ठिकाणी : पिठाची गिरणी, कटिंगचं दुकान आणि जिथं एसटीची वाट बघत लोक बसतात ती टपरी. टांगलेला कागद कुणी पुडी बांधायला नेत नाही. का कोण जाणे. बहुतेक, टांगलं म्हणजे ते सगळ्यांचं झालं.

खिळे मी स्वतः ठोकले, तेहतीस. एका सलूनमालकानं नाही म्हटलं, “राजकारण नको, गिऱ्हाईक दोन्हीकडचे येतेत.” खरं आहे. त्याच्या शेजारी सायकल पंक्चरवाल्याकडं ठोकला.

१२ सप्टेंबर

आज एक कळलं, ते जरा सविस्तर लिहितो.

आमच्या गावच्या गिरणीत आईचं दळण घेऊन बसलो होतो, मुद्दाम. गिरणी चालू असली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं वाचणार कोण? कागद खिळ्याला लटकलेला, पिठानं पांढरा झालेला. पाऊण तास कुणी हात लावला नाही. मग लाइट गेली. पट्टा थांबला आणि अशी शांतता झाली की कबुतरांचा आवाज यायला लागला. आठ-दहा जण डबे घेऊन बसलेले. लाइट कधी येणार, यावर पाच मिनिटं गेली. मग कॉलेजच्या एका पोरीनं कागद काढला, फुंकर मारून पीठ उडवलं आणि शेजारच्या मामींनी सांगितलं म्हणून मोठ्यानं वाचायला लागली.

मी मागं पोत्यावर. माझी वाक्यं ऐकताना घाम फुटला. ‘ज्या कामांसाठी सदर निधी प्राप्त झालेला असताना प्रत्यक्षात ज्या कामांची पूर्तता’ इथं पोरीचा दम संपला. ती थांबली, परत मागून आली, परत अडकली. मामी म्हणाल्या, “पुढचं वाच, त्यात काय नाही.” आकड्यांच्या तक्त्याशी तर ती फसलीच. डोळ्यांनी बघायचा तक्ता तोंडानं कसा वाचणार?

म्हणजे माझा वाचक हा वाचक नाही. एक जण वाचतो आणि नऊ जण ऐकतात. हा कागद लाइट गेल्यावर वाचला जातो. पुढचा त्या हिशोबानंच लिहायचा : एका दमात संपेल एवढं वाक्य, तक्ता नाही, आकडा अक्षरात.

१४ सप्टेंबर

सरपंचबाई दुकानात आल्या. एकट्या. दुकानात फॉर्म भरायला आलेली दोन पोरं होती, ती आपोआप बाहेर गेली.

“भाऊजी, गिरणीत त्या दिवशी मी पण होते. डबा घेऊन मागं उभी. वाचणाऱ्या पोरीला ठाऊक नव्हतं.”

पहिल्या कागदात आमच्याच गावच्या बंदिस्त गटारावर होतं : चार लाख ऐंशी हजार खर्च झाला आणि गटार अर्धंच आहे. त्यांनी पिशवीतून खर्चाच्या व्हाउचरांच्या प्रती काढून टेबलावर ठेवल्या. खर्च एक लाख नव्वद हजार. चार लाख ऐंशी ही रक्कम आराखड्यातली. ई-ग्रामस्वराजवर आराखड्याचं पान वेगळं आणि झालेल्या खर्चाचं वेगळं. मी रात्री दीड वाजता नेट येत-जात असताना पहिलं पान उतरवलं आणि दुसरं समजून छापलं. अर्ध्या पैशात अर्धं गटार झालेलं. म्हणजे तसं बघितलं तर काम बरोबर चाललंय.

माझ्या तोंडातून शब्द निघेना. त्या पुढं म्हणाल्या ते जास्त लागलं.

“ह्यात लिव्हलंय, सरपंचांशी फोनवर बोलणं झालं, त्यांनी माहिती घेऊन सांगतो म्हणून सांगितलं. माज्याशी कदी बोललात तुम्ही?”

मी त्यांच्या यजमानांना फोन केला होता. गावात सगळेच करतात. सही बाईंची आणि फोन मालकांचा. पंचायतीत निम्म्या जागा बायकांना, यावर मी पोरांना भाषण देऊ शकतो. पण नंबर मोबाइलमध्ये ‘सरपंच’ म्हणून जतन केलेला, तो त्यांच्या नवऱ्याचा.

सरपंच वहिनी चहा न घेताच गेल्या. व्हाउचरं ठेवून गेल्या.

१५ सप्टेंबर

रात्रभर मनात भारतीय न्याय संहितेचं ३५६ कलम, बदनामीचं. गुरुजी म्हणाले, “कोर्टाचं सोड, ती बाई कोर्टात जात नाही. ती उद्या परत गिरणीत जाणार आहे. तिथं काय ऐकणार ते बघ.”

दुरुस्ती लिहिली. पाच वाक्यं, सगळी मोठ्यानं वाचून :

‘मागच्या कागदात आमची चूक झाली. गटारावर चार लाख ऐंशी हजार खर्च झाले असं आम्ही छापलं. तो आराखडा होता, खर्च एक लाख नव्वद हजार आहे. सरपंचांना विचारलं असंही छापलं, ते खोटं आहे. आम्ही त्यांच्या यजमानांना विचारलं होतं.’

गुरुजींनी ‘खोटं’च्या जागी ‘चुकीचं’ सुचवलं. मी ‘खोटं’च ठेवलं.

१७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन

तेहतीस खिळ्यांवर दुरुस्तीची चिठ्ठी लावली, पहिल्या पानाच्या वरच, डिंकानं. वाचणारा सुरुवात तिथूनच करणार. नऊ ठिकाणी जुना कागद गायब होता, तिथं नवी प्रत आणि चिठ्ठी. आमच्या गावच्या गिरणीत चिठ्ठी मी स्वतः मोठ्यानं वाचली, लाइट असताना, पट्टा थांबवायला लावून. गिरणीवाला म्हणाला, “एवढं काय त्यात.” त्याला काय माहीत.

चिठ्ठी तेहतीस ठिकाणी गेली. पण चुकीच्या तक्त्याचा फोटो कुणीतरी आधीच गावच्या व्हॉट्सॲपवर टाकलेला, खालचं-वरचं कापून. तो अजून फिरतोय. दुरुस्तीचा फोटो मी टाकला, त्याला तीन अंगठे आले, त्यात एक गुरुजींचा.

आज दिवस असा, म्हणून गुरुजींनी जुनी गोष्ट काढली. निजामाच्या काळात आ. कृ. वाघमारे ‘मराठवाडा’ हे पत्र पुण्याहून काढायचे. निजामाच्या राज्यात बंदी आली की नाव बदलून पुढचा अंक, परत बंदी, परत नवं नाव. मी म्हणालो, गुरुजी, आपल्याला अजून एकही नाव नाही. ते म्हणाले, “म्हणून तर कुणी बंदी घालत नाही.”

नाव खरंच नाही. लोकांनीच ठेवलंय. कटिंगच्या दुकानात एक जण म्हणाला, “पिवळा कागद आला का नवा?”

२० सप्टेंबर

माहिती अधिकाराचं उत्तर आलं. ३८ पानं, पानाला दोन रुपये, ७६ भरून घेऊन आलो. मोजमाप पुस्तिकेचं अक्षर लावायला दोन संध्याकाळी जातील.

त्याआधी साधं मोजमाप केलं. जलजीवन मिशनचा नियम माणशी रोज ५५ लिटर. पलीकडच्या गावातल्या आक्काच्या घरी माणसं पाच, नळ आठव्या दिवशी. पाच गुणिले ५५ गुणिले आठ, २,२०० लिटर व्हायला पाहिजेत. आज पाळी होती. मी तिच्या अंगणात पाऊण तास बसलो. दोनशे लिटरची तीन बॅरलं भरली, चौथं बुडाशी ओलं झालं आणि हवा सुटली. सहाशे. दुसरा कागद एवढाच, आक्काची तीन बॅरलं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा याच आक्कानं लातुरात लेकीच्या घरी रांगेत घागर धरली होती. तिला लिटर समजावायची गरज नाही.

२८ सप्टेंबर

वकील मित्रानं डोकं खाल्लं. बरं झालं. ठरावीक दिवसांनी निघणारं आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यावरचं भाष्य छापणारं काहीही नियतकालिक धरलं जातं आणि त्याला नोंदणी लागते. १८६७ चा जुना कायदा जाऊन आता प्रेस आणि नियतकालिके नोंदणी अधिनियम २०२३ आला, तो यंदा १ मार्चपासून लागू आहे. अर्ज ऑनलाइन, प्रेस सेवा पोर्टलवर, दिल्लीच्या प्रेस महानिबंधकांकडं. तो जिल्हाधिकाऱ्यांकडंही जातो, त्यांना म्हणणं द्यायला ६० दिवस. नोंदणीशिवाय काढलं तर दंड पाच लाखांपर्यंत.

पाच लाख. माझं पूर्ण दुकान विकून झेरॉक्स मशीनसकट दीड लाख येतील.

आजपासून : कागदावर अंक क्रमांक नाही, ‘पुढचा अंक अमुक तारखेला’ नाही. नोंदणी होईपर्यंत जे निघेल ते सुटं पत्रक. खाली प्रकाशक म्हणून माझं नाव-पत्ता, मुद्रक म्हणून प्रेसचा. पाण्याचं पत्रक पुढच्या आठवड्यात, मग अर्जाच्या तयारीला लागायचं.

६ ऑक्टोबर

पाण्याचं पत्रक टांगलं. यात गावच्या सरपंचांना, आणि त्या ज्या आहेत त्यांनाच, विचारून त्यांचं म्हणणं चार ओळींत छापलं. अकरापैकी सहा गावांत सरपंच बाई आहेत. सहांपैकी चौघींचा स्वतःचा नंबर मिळवायला तीन दिवस गेले. दोन ठिकाणी “मालकांशी बोला” म्हणाल्या. म्हटलं, तुमच्याशीच बोलायचंय. एकीनं विचारलं, “कशाला?” दुसरीनं वीस मिनिटं पाण्याच्या टाकीचं सगळं सांगितलं, व्हॉल्व्ह कुठं बसवलाय आणि तो कुणाच्या शेतात आहे तेसुद्धा.

आमच्या वहिनींनी फोनवर फक्त एवढंच विचारलं, “ह्या बारीला कुठलं पान बघितलंत?”

१५ ऑक्टोबर

आचारसंहिता लागली. २० नोव्हेंबरला मतदान. संध्याकाळीच एक गाडी दुकानासमोर. ओळखीचा कार्यकर्ता, शाळेत माझ्या दोन वर्षं पुढं. “तुझा कागद लै चालायलाय म्हणं. दहा हजार छाप, पांढऱ्यावर, चार रंगात. बिल आमच्याकडं. काय नको, फक्त मागच्या पानावर भाऊंचा एक फोटो.”

दहा हजार प्रती म्हणजे माझं दोन वर्षांचं काम. खोटं कशाला बोलू, रात्री कॅल्क्युलेटर काढला होता. सकाळी नाही सांगितलं. तो चिडला नाही, उलट हसला. “मग पिवळ्यावरच राहा,” म्हणाला. गुरुजींना सांगितल्यावर त्यांनी मुकुंदराव पाटलांचं उदाहरण दिलं, १९१० पासून ‘दीनमित्र’ कसा चालवला, तोही तरवडीसारख्या खेड्यातून. गुरुजींना प्रत्येक अडचणीला एक संपादक आठवतो. कागदाचे पैसे मात्र त्यांनीच दिले, पेन्शनमधून ८००.

२४ ऑक्टोबर

सोयाबीन निघालं आणि सगळ्या गावांत दुसरा विषयच नाही. हमीभाव ४,८९२. मी दुकानात येणाऱ्याकडं आडतीची पट्टी, म्हणजे माल विकल्याची पावती, मागतो आणि झेरॉक्स काढून ठेवतो. बहुतेक पट्ट्यांवर ४,००० च्या आसपास, भिजलेल्या मालाला त्याहून खाली. सरकारी केंद्रावर १२ टक्के ओलाव्याची अट. पावसात सापडलेलं सोयाबीन बाराला आणायचं तर अंगणात आठ दिवस ऊन पाहिजे, आणि आठ दिवस थांबायला देणेकरी तयार पाहिजे.

पत्रकाचा मसुदा : हमीभाव केंद्रावर काय लागतं. सातबारा, त्यावर पीकपेरा, आधार, बँकेचं पासबुक, ऑनलाइन नोंदणी, मग मेसेज येईपर्यंत थांबायचं. आणि खाली पट्ट्यांवरचे भाव, नाव खोडून.

३ नोव्हेंबर

दिवाळी संपवून प्रेसवर. मालक पेटीतून छापील फॉर्म काढून बसलेले. निवडणुकीच्या काळात कुठलंही पत्रक, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२७-क : प्रकाशकाचं प्रतिज्ञापत्र दोन प्रतींत, ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या, पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता, आणि एक प्रत प्रेसनं जिल्हाधिकाऱ्यांकडं पाठवायची. मी म्हणालो, यात उमेदवाराचं नावच नाही, कुणाला पाडायचं-निवडायचं नाही. ते म्हणाले, “सोयाबीनचा भाव छापायलास आणि राजकारण नाही म्हणतोस?” बोलणं बरोबर होतं. सह्या गुरुजींच्या आणि ड्रायव्हरमामांच्या.

१६ नोव्हेंबर

परवाच टांगून झालं आणि काल केंद्रानं ओलाव्याची अट १२ वरून १५ टक्के केली. तेहतीस खिळे, उरलेल्या सहाशे प्रती आणि एक निळा पेन. ‘बारा’वर रेघ, वर ‘पंधरा’. दुकानात येईल त्याच्या हातात पन्नास प्रती आणि पेन दिला. आकडा अक्षरात लिहायचा नियम केलेला, तो आज अंगाशी आला. १२ चा १५ करायला एक फटका लागला असता.

दोन खिळे उपटलेले सापडले. एका ठिकाणी कागदासकट. परत ठोकले.

१८ नोव्हेंबर

सहा वाजता प्रचार थांबला. भोंगे गेले आणि कान दुखायला लागले. दोन दिवस मी पण काही टांगत नाही.

२४ नोव्हेंबर

काल निकाल लागला. गुलाल दुकानाच्या शटरपर्यंत. निकालावर पत्रक काढू का, असं तिघांनी विचारलं. नको वाटतं. त्यावर सगळेच बोलतायत. हमीभाव केंद्रावर बारदाना, म्हणजे माल भरायची पोती, संपलाय, त्यावर कुणी बोलत नाही.

४ डिसेंबर

शेवटी अर्ज भरला. नाव सुचवायचं, ते आधीच कुणी घेतलेलं किंवा त्याच्यासारखं नको. शेतकरी, ग्राम, जन, लोक यांना काहीही जोडा, देशात कुणीतरी घेतलेलंच आहे. पसंतीक्रमानं पाच नावं दिली. चार गुरुजींची, सगळी संस्कृत. पाचवं माझं : पिवळा कागद. गुरुजी बघत होते, मी पाचवं वर ओढून पहिलं केलं. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसला.

नोंदणी झाली तर एक फायदा मोठा. आमच्या गावची कितीतरी पोरं भोसरी-हडपसरला आहेत, त्यांना कागद हवाय. वजन केलं, एक घडी पावणेनऊ ग्रॅम. आज पाकिटाला पाच रुपयांचं तिकीट, म्हणजे पावणेतीनचा कागद पाच रुपयांच्या गाडीत बसून जाणार. टपाल खात्याकडं वृत्तपत्र म्हणून वेगळी नोंदणी केली की ५० ग्रॅमपर्यंत २५ पैसे.

१९ डिसेंबर

वहिनींनी दुकानात एक वहीचं पान आणून दिलं. गटाराचं उरलेलं काम, किती मीटर, किती पैसे, कधी. स्वतःच्या अक्षरात. “छापायचं तर सगळं छापा, अर्धं नको.” वाचलं. त्यात ग्रामसेवकाबद्दल एक वाक्य असं आहे की ते छापायचं तर त्यांनाही विचारावं लागेल. तसं सांगितलं. “विचारा की,” म्हणाल्या. चहा घेतला.

३० डिसेंबर, येळवस (वेळ अमावस्या)

गावात चिटपाखरू नाही, सगळे शेतात. आमच्या शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, आत पांडव म्हणून दगड मांडलेले, आईची भज्जी, उंडे, आंबिलाचं मडकं. शेजारच्या शेतातली माणसं जेवायला आलेली. पोर्टलवर अर्ज अजून ‘प्रलंबित’, पण पहिल्या अंकाचं प्रूफ मी खिशात घालून आणलं होतं. जेवणं झाल्यावर गिरणीतली ती कॉलेजची पोरगी दिसली, शेजारच्या मामींच्या नात्यातलीच निघाली. प्रूफ तिच्या हातात दिलं आणि मोठ्यानं वाच म्हणालो.

पहिलं पान सरळ गेलं. आंबील पिता पिता सगळे ऐकत होते. वहिनींची मीटरची ओळ आली तेव्हा मामींनी विचारलं, “म्हंजे आमच्या घरापत्तूर येतंय का न्हाई?” कुणालाच सांगता आलं नाही. मीटर कागदावर, घर कुठं ते कागदावर नाही. लिहून घेतलं.

तिसऱ्या पानावर, बारदान्याच्या मजकुरात, ‘असे असतानाही’ या शब्दांशी तिचा श्वास अडकला. ती थांबली आणि माझ्याकडं बघितलं. पेन्सिल आणली नव्हती. कोपीतल्या चुलीतला कोळसा घेऊन तिथं रेघ मारली.

शुक्रवारी प्रूफ डीटीपीला परत. वाक्य तोडायचं. गटार मामींच्या घरापासून किती लांब थांबतंय, ते आधी पावलांनी मोजून यायचं.